घाटाला टिकेल अशी सायकल

मेळघाटात सेमाडोहच्या अलीकडच्या उतारावर माझी सायकल मोडली, म्हणजे अक्षरशः दोन तुकडे झाले. मी त्या भागात नर्स म्हणून नवीनच रुजू झाले होते. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. एका पाड्यावर बाळंतिणीला बघून परत येत होते, तेवढ्यात पायाखालून कट्कन आवाज आला, हँडल एकीकडे गेलं, सीट दुसरीकडे, आणि मी मधल्या मधे मुरमावर. उठून आधी हात हलवून पाहिले, मग गुडघे. काही मोडलं नव्हतं. मी तिथेच बसून मोठमोठ्याने हसले आणि हसता हसता रडायला लागले.

सायकल लेडीज होती. अमरावतीला ट्रेनिंग घेत असताना एका वरच्या वर्गातल्या मुलीकडून घेतलेली. शहरातल्या डांबरी रस्त्यावर ती सरळ चालायची, म्हणून मी ती मेळघाटात नेली. आमच्या घरात शिकून नोकरीला लागलेली मी पहिली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या वस्तीत जो तो आपल्या पोरांना शिकायला ढकलत होता, त्यात बाबांनी मलाही पुढे हायस्कुलात ढकललं होतं. पहिल्याच वर्षी ‘सायकल मोडली, आता फिरता येत नाही’ असं सांगून बदली मागायची मला लाज वाटत होती. आणि सायकलीशिवाय तिथे काम होणं शक्य नव्हतं. पाडे लांब लांब, बस दिवसातून एकदा, तीही फक्त मोठ्या रस्त्याने.

दोन्ही तुकडे बसच्या टपावर टाकून मी परतवाड्यावरून अमरावतीला आत्याकडे आले. निरोप मिळाला तसे बाबा अकोल्याहून निघून आले. ते तिथल्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, फिटर होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि अंगणात जाऊन सायकलीपाशी उकिडवे बसले.

“इले वरचा दांडाच नाही,” ते म्हणाले. “सारा भार खालच्या नळीवर. गोट्यावरून आपटली का थे एकटीच सोसते. कितीक दिवस सोसन?”

“मग आता कशी घ्यायची?”

“दांड्याची.”

आत्या ओसरीवरून ओरडली, “पोरीनं दांड्याची सायकल चालवाची? काहून, लगन नाही कराचं का तिचं?”

बाबा शांतपणे म्हणाले, “मेली त लगन कोणाचं करशीन?”

आत्या आत गेली आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जवाहर गेटच्या आतल्या सायकलीच्या दुकानात गेलो. तेव्हा सगळी सायकल तयार मिळायची तशीच नुसती फ्रेम घेऊन बाकीचं सामान चढवूनही घेता यायचं. आमच्याकडे जुन्या सायकलीची चाकं, चेन, सीट सगळं शाबूत होतं. फक्त फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा हवा होता. दुकानात फ्रेमी छताला उलट्या टांगलेल्या होत्या, खाटकाच्या दुकानातल्या बकऱ्यांसारख्या.

दुकानदाराने मला बघितलं आणि दुसरी लेडीजच काढली. निळी, फुलांची नक्षी असलेली. “बाईमाणसाले हेच शोभते,” तो म्हणाला. मी कुठे राहते ते सांगितलं, तेव्हा त्याने ती निमूट परत टांगली.

बाबांची नजर केव्हाच एका काळ्या फ्रेमीवर गेली होती. वर एक नव्हे, दोन दांडे. दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन टांगतात ती. बाबांनी ती दोन्ही हातांनी उचलली, तिच्या वजनाने त्यांचा चेहरा खुलला. जिनात आयुष्य काढलेल्या माणसाला जड म्हणजेच मजबूत.

“हे घे. हत्ती बसला तरी वाकणार नाही.”

“बाबा, हत्ती बसेल, पण मी कशी बसू?”

ती फ्रेम उंच होती. मी तिच्यावर टांग टाकून उभी राहिले तर दोन्ही पाय अंगठ्यांवर. आणि डोंगरात तर घडोघडी उतरावं लागतं, कुठे दगड, कुठे चढ, कुठे मधेच बसलेली म्हैस. बाबा ऐकेनात. त्यांना हलकं काही घ्यायचंच नव्हतं. आमचं दुकानातच भांडण जुंपलं. शेवटी मी म्हटलं, “चालवून बघितल्याशिवाय मी काहीच घेणार नाही.”

दुकानदार भाड्यानेही सायकली द्यायचा. त्याच्याकडे तीन जातीच्या होत्या, दोन दांड्यांची उंच, साधी एका दांड्याची, आणि एका दांड्याचीच पण बुटकी आणि जाड नळीची. त्या आम्ही एकेक करून अंबा नाल्याकडे नेल्या. तिथे तेव्हा नाल्यात उतरणारी एक वाट होती, गोटेच गोटे, खाली वाळू. परटांची गाढवं त्या वाटेने जात. मी साडीचा पदर खोचला आणि उंच सायकल घेऊन उतरले. अर्ध्यात पाय टेकायची वेळ आली, पाय टेकला नाही, मी सायकलीसकट कलंडले. वर उभे असलेले बाबा धावत आले.

साध्या सायकलीने खाली पोचले, पण प्रत्येक गोट्यावर तिचं पुढचं चाक एका अंगाला पळायचं, चिमटा थरथरायचा. तो थरथराट मला ओळखीचा होता. मोडण्याआधी माझी जुनी सायकल अशीच थरथरायची.

मग बुटकी घेतली. ती चढावर जड गेली, हे खरं. पण उतारावर ती मला हवी तिथे गेली. पाय दोन्हीकडे जमिनीला पुरत होते. गोट्यावर आपटली तर आवाज व्हायचा, हादरा बसायचा, पण ती वळवळायची नाही. मी वर आले, परत उतरले, परत वर आले. नाल्यात धुणं धुणारी एक परटीण कपडे आपटायचं थांबवून माझ्याकडे बघत होती.

“हीच,” मी म्हटलं.

बाबा अजून साशंक होते. त्यांनी सायकल फिरवून फिरवून बघितली, सांध्यांवरून बोट फिरवलं, आणि मग एकदम मागच्या कॅरियरवर बसले. “ने मले खाली.”

“बाबा!”

“मले नेशीन त मंग हे सायकल तुयं सामान बी नेईन. चाल.”

बाप मागे बसलेला आणि मुलगी पुढे सायकल मारते आहे, असं अमरावतीत कुणी पाहिलं नसेल. बाबांनी दोन्ही पाय वर धरले होते आणि माझा खांदा घट्ट पकडला होता. आम्ही दगडांवरून उसळत उसळत वाळूत जाऊन थांबलो. परटीण टाळ्या पिटत होती. बाबा उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “पुढच्या चिमट्याले आधाराच्या दोन सळया बसवून घेऊ. मंग झालं.”

तशीच फ्रेम दुकानातून घेतली, चिमट्याला चाकाच्या मध्यापासून हँडलपर्यंत सळया बसवल्या, जुनी चाकं चढवली. संध्याकाळी आत्याने सायकल बघितली, दांडा किती उंच ते हाताने मापलं. मग आत गेली आणि तिचं एक नऊवारी लुगडं घेऊन आली. “गोल साडी नेसून या दांड्यावरून टांग टाकशीन त तोंडावर पडशीन. काष्टा घालून जात जा. आमी वावरात काय गोल साडी नेसून निंदलो का?” त्या रात्री मला किती हलकं वाटलं! फ्रेम मिळाली होती, ती मला पेलत होती, आणि घरातलं कुणी रागावलेलं नव्हतं.

त्या सायकलीची खरी परीक्षा झाली ती पुढच्या उन्हाळ्यात. एका कोरकू पाड्यावर सकाळी सकाळी एक बाई बाळंत झाली. मूल छान होतं, रडलं, दूध प्यायलं. पण नाळेमागची वार पडेना. रक्त धो धो नव्हतं, पण थांबतही नव्हतं. माझ्याने होण्यासारखं सगळं केलं, आणि मग मला कळलं की हिला परतवाड्याच्या दवाखान्यात न्यायलाच पाहिजे. बस खालच्या रस्त्याने जायची ती एकदाच, आणि तिची वेळ होत आली होती. पुरुष सगळे बांबूतोडीवर गेलेले.

मी बाळंतिणीच्या सासूला जवळ बोलावलं, तिचा हात सुनेच्या पोटावर ठेवला आणि रक्त आवरावं म्हणून कसं चोळत राहायचं ते दाखवलं. “थांबायचं नाही,” मी म्हटलं. ती मान हलवून म्हणाली, “तू जा. गाडी थांबव.” चार बायका बाज उचलायला तयार होत्या. मी सायकल घेतली.

त्या वाटेवर त्याआधी मी कधी सायकलवर बसून उतरले नव्हते, नेहमी हातात धरूनच आणायची. त्या दिवशी बसले. सागाच्या वाळक्या पानांखाली गोटे दिसत नव्हते. ब्रेक दाबून दाबून मनगटं बधिर झाली. एका कोरड्या नाल्यात पुढचं चाक खडकावर असं आदळलं की दात एकमेकांवर वाजले, आणि माझ्या मनात तोच जुना कट्कन आवाज येऊन गेला. मी श्वास रोखून वाट पाहत राहिले. आवाज आला नाही. सायकल पुढे चाललीच होती. मी तिला मोठ्याने म्हटलं, “चल माय, चल.”

रस्त्याला लागले तेव्हा वळणावर बसचा धुरळा दिसत होता. मी सायकल रस्त्यात आडवी टाकली आणि स्वतः तिच्यापुढे उभी राहिले.

ड्रायव्हर खाली उडी मारून आला. “मराचं हाये का वो बाई?”

“मला नाही. पण वरून एक बाळंतीण येते आहे, ती मरायला नको.”

त्याने वर जंगलाकडे पाहिलं, मग माझ्या लुगड्याकडे, हातांकडे. मग वर चढून त्याने इंजिन बंद केलं. एक प्रवासी कुरकुरला, त्याला पुढची गाडी गाठायची होती. ड्रायव्हर म्हणाला, “तुयी बहीण असती त गाडी गाठली असती का? उतर, अन् बाज धराले जा.” तो माणूस खरंच उतरला. त्याच्यामागे आणखी तिघे. बाज खाली आली ती त्यांच्याच खांद्यांवर, आणि सासू बाजेबरोबर चालत होती, हात अजून सुनेच्या पोटावर, बाळ सुनेच्या कुशीत.

बसचं मागचं बाक रिकामं केलं. परतवाड्यापर्यंत ड्रायव्हरने गाडी अशी चालवली की वाटेतल्या खड्ड्यांचा पत्ता लागला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं. मी आणि सासू बाहेर व्हरांड्यात फरशीवर बसलो, बाळ तिच्या मांडीत. किती वेळ गेला कोण जाणे. मग दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाले, “वार आली. रक्त थांबलंय. बाई बोलते आहे, बाळाला मागते आहे.”

मी भिंतीला टेकून बसूनच राहिले. सासू आत जाऊन आली, आणि मग म्हणाली, “भूक लागली.” मलाही लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. आम्ही स्टँडसमोर जाऊन गरम भजी घेतली. बोटं भाजत होती, पण भजी निवायची वाट आम्ही बघितली नाही.

सायकलीची आठवण मला दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये झाली. बस काढताना कडेला ओढलेली ती तिथेच पडून राहिली होती. वळणावर उतरले तर कुणीतरी ती उचलून सागाच्या झाडाला टेकवून ठेवली होती. हँडल वाकडं झालं होतं, चाकाची एक तार तुटली होती. बाकी तिला काही झालं नव्हतं. मी पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, हँडल सरळ केलं, आणि पाड्यावर सांगायला निघाले की बाळंतीण बरी आहे.