ओळीच्या मध्येच घेतलेला श्वास

एस्टिल,

तुझ्या अल्बमवर तिचं नाव तुझ्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापलंय. मी पट्टी लावून मोजलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईच्या घरात पट्टी असतेच, आणि सख्ख्या बहिणीला मोजायचा हक्कही असतो. एस्टिल रॅटलिफ आणि टॅन्सी मॅगार्ड. पाठीमागे बारीक अक्षरांत ध्वनिमुद्रकाचं नाव, फोटोवाल्याचं नाव, हॉल दिल्याबद्दल अग्निशमन दलाचे आभार. डेल्फी रॅटलिफ, म्हणजे मी, कुठेच नाही. का नाही ते मला ठाऊक आहे, तरी राग यायचा तो येतोच.

एकतीस वर्षं तू शाळेची बस चालवलीस. आपल्या खोऱ्यातली पोरं आणि नंतर त्यांची पोरं त्या वळणांवरून नेलीस, एकदाही ओढ्यात घातली नाहीस. बाकी वेळ मँडोलिन. शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, रविवारी चर्चमध्ये, आणि कुणी गेलं तर त्याच्या कबरीपाशी. ब्लूग्रास, आपलं डोंगरातलं तारांच्या वाद्यांचं संगीत, वाजवणाऱ्यांत तुझं नाव होतं. नॅशव्हिलहून रेकॉर्ड काढणाऱ्यांचं बोलावणं आलं तेव्हा तू म्हणालास, "आणि सोमवारी बस कोण काढणार?" संपला विषय. तू गायचास, मी वरचा सूर धरायचे. एकच माइक, त्याच्यापुढे आपण दोघं. मी तुझ्या उजव्या हाताला, कारण डावीकडे मँडोलिनची मान आडवी येते. पन्नास वर्षं ती जागा माझी होती.

मग ही टॅन्सी आली. सव्वीस वर्षांची, औषधांच्या दुकानात कामाला, वहीभर गाणी लिहिलेली. त्यातलं एक बरं होतं. ठीक आहे, चार बरी होती. "मिस्टर एस्टिल, माझ्या गाण्यांना तुमची मँडोलिन हवी," एवढंच ती म्हणाली आणि सत्त्याहत्तर वर्षांचा तू दाढी करून तयार!

एप्रिलच्या त्या सकाळी मी हॉलवर बीन्सचं पातेलं आणि मक्याचा ब्रेड घेऊन आले. तुम्ही दोघं तिचं नवं गाणं म्हणत होतात. ती माझ्या जागेवर उभी होती. तेही मी गिळलं असतं. पण दुसऱ्या कडव्यात ओळीच्या मध्येच, शब्द अर्धा तोडून, ती थांबली, श्वास घेतला आणि पुढे गेली. डॅडी थांबायचे तशी.

डॅडींचं ते थांबणं आपण दोघांनी गाण्याचाच भाग समजून उचललं होतं. चर्चच्या गाण्यात 'नदीपलीकडं' म्हणताना ते 'नदीप' वर थांबायचे, छाती भरून घ्यायचे, मग 'लीकडं'. मी कॉलेजात जाऊन तिथल्या गायकवृंदात उभी राहिले तेव्हा मी 'नदीप' वर थांबले आणि बाकीची तीस माणसं नदी ओलांडून गेली. सगळे हसले. गुरुजींनी विचारलं, "इथे श्वास घ्यायला कुणी शिकवलं?" मी वडिलांचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि तिथेच मला कळलं. डॅडींना पूर्ण ओळीला श्वास पुरतच नव्हता. छातीत खाणीतल्या कोळशाची धूळ होती. सुटीत घरी येऊन तुला सांगितलं तर तू मँडोलिनची खुंटी पिळत म्हणालास, "मला माहीत होतं." त्यानंतरही आपण तिथेच थांबत राहिलो, मुद्दाम. ते आपलं होतं, दोघांचं.

"सिस, तोंड का असं? बीन्समध्ये मीठ विसरलीस?" तू विचारलंस.

"मीठ बरोबर आहे. ही पोरगी बरोबर नाही. कुठून उचललं तिनं ते?"

"माझ्या जुन्या कॅसेटवरून. तिला आवडलं."

"आवडलं! म्हणजे काय, लेस आहे का ती, कुठेही शिवायला? सांगितलंस का तिला ते कशाचं आहे?"

"मी सांगायला गेलो तर रडेन आणि दुपारचं ध्वनिमुद्रण बोंबलेल. तू मास्तरीण आहेस, तू सांग. रविवारी ती घरी असते. जा, डॅडी कोण होते ते सांग तिला. मग पुढच्या ध्वनिमुद्रणाला शेवटच्या कडव्यात तूही उभी राहा."

"कुठे? छतावर?"

"एका माइकपुढे तिघं मावतात, डेल्फी."

"दोघं मावतात. तिसऱ्याची कोपरं लागतात."

एवढ्यात ती पोरगी डोळे मिटून वास घेत आली. "मिस डेल्फी, बीन्सचा काय वास सुटलाय!" मी पातेलं उचललं आणि गाडीत ठेवलं. ब्रेड तेवढा टेबलावर राहू दिला. तू दारापर्यंत आलास. हाक मारली नाहीस.

रविवार आला आणि गेला. तू फोन केलास, "गेलीस?"

"थंडी होती."

"मेच्या तोंडावर?"

"माझ्याकडे होती."

तू हसलास, पण पुन्हा विचारलं नाहीस. मला वाटलं, विचारशील. तू आणखी एकदा जरी म्हणाला असतास तरी मी गेले असते, असं मी स्वतःला सांगते. सप्टेंबरात अल्बम आला, आणि तू बाग खणताना आडवा झालास तो ऑक्टोबरात.

दफनाच्या दिवशी ती गायली. डाव्या बाजूला सरकून उभी राहिली, तिच्या उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडून, आणि माझ्याकडे पाहिलं. वरचा सूर माझ्या ओठांशी आला होता. मी हातमोजे घालत बसले.

परवा रेडिओवर तिला कुणीतरी विचारलं की ओळीतली ती विलक्षण जागा कशी सुचली. ती म्हणाली, "तिथे मी शांततेला बोलू देते." शांतता! मी स्वयंपाकघरात एकटी ओरडले, "अगं बाई, ती खाण आहे!" पण रेडिओला कान नसतात.

तिचं घर इथून गाडीने अकरा मिनिटांवर आहे. गेल्या रविवारी मी पेट्रोलपंपापर्यंत पोचले, नको असलेलं दूध घेतलं आणि परत आले. त्या आधीच्या रविवारी पुलापर्यंत. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, एस्टिल.