रंभाबाईची दोन वजनं

घिवलीची रंभाबाई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची, आणि तोलूनच विकायची. बाकीच्या बाया वाटे लावायच्या, ओंजळीने द्यायच्या, वर चार बोंबील टाकून गिऱ्हाइकाचं तोंड बंद करायच्या. रंभाबाईला असलं अंदाजपंचे काही खपत नसे. तागडीचा काटा मधोमध थांबेस्तोवर ती गिऱ्हाइकाशी बोलायचीसुद्धा नाही. लोक तिला खडूस म्हणायचे आणि तिच्याकडेच यायचे.

ऐंशी सालच्या माघात, अडुसष्टाव्या वर्षी, बोंबील वाळत घालताना तिचा पाय घसरला आणि ती कुशीवर आपटली. उचलायला आलेल्यांना तिने आधी उरलेले बोंबील टांगायला लावले. मग दिसलं, की उजवा पाय बाहेर वळलाय आणि डाव्यापेक्षा आखूड झालाय. शेजारचे तात्या म्हणाले, तेल लावून ओढून बघू. तिने त्यांना असं काही सुनावलं, की महिनाभर ते त्या वाटेने फिरकले नाहीत.

पालघरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. खुब्यापाशी हाड मोडलं होतं. मुंबईला नेऊन ऑपरेशन करा, आत पट्टी बसवली की लवकर उठाल, असं त्यांनी सांगितलं. मुंबईला आडवी गेलेली माणसं रंभाबाईने पाहिली होती. उभी परत आलेली काही तिला आठवेनात. ती नाही म्हणाली ती नाहीच. मग राहिला दुसरा उपाय: बारा आठवडे खाटेवर, पायाला चिकटपट्टी, पट्टीला दोरी, आणि कप्पीवरून सोडलेल्या दोरीला चार किलोचा भार. भार रात्रंदिवस राहिला तर पाय सरळ जुळेल, काढत राहिलात तर आखूड जुळेल आणि जन्माचं लंगडणं येईल. रंभाबाईने एवढंच विचारलं, मृगाआधी धड चालत बाजारात जाईन ना? भार राहिला तर जाल, डॉक्टर म्हणाले.

कप्पी होडीवरची मिळाली. भार म्हणून वत्सलाने, म्हणजे सुनेने, सासूकडे होती तेवढीच दोन-दोन किलोची दोन वजनं जाळ्याच्या तुकड्यात बांधून टांगली. दगड बांधू म्हटलं तर रंभाबाई म्हणाली, दगडाचा काय भरवसा.

इथेच घोळ झाला. वजनं पायाला, म्हणून वत्सला बाजारात ओंजळीने विकू लागली. वाणगावकडच्या पाड्यावरची मंगळी दर साली पावसाळ्याची सुकट रंभाबाईकडूनच न्यायची. ती बाजारातून उठून थेट घिवलीला आली, खाटेशी बसली आणि म्हणाली, तुझी सून हातानं देते. रंभाबाईला हे फार लागलं, हाडापेक्षाही जास्त. तिने मंगळीलाच वजनं सोडायला लावली, पडल्या पडल्या तागडी धरली, चार किलो तोलून दिली आणि वजनं परत टांगून घेतली. पाच मिनिटांचं काम.

मंगळीने हे चौघींना सांगितलं. त्यांनी आणखी कुणाकुणाला. वत्सला बाजाराला निघाली, की इकडे खाटेभोवती बाजार भरायचा आणि ती परतायच्या आत वजनं जागच्या जागी. शेवटच्या महिन्यात तर वजनं पायापेक्षा तागडीतच जास्त असायची.

बारा आठवड्यांनी पालघरला दुसरा फोटो निघाला. हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी टेपने दोन्ही पाय मोजले, पुन्हा मोजले. उजवा सव्वा इंच कमी. भार कोणी काढला, असं त्यांनी वत्सलाकडे बघत दरडावून विचारलं. ती बिचारी शपथा घ्यायला लागली. रंभाबाई गप्प राहिली असती तर सगळं सुनेवर शेकलं असतं.

"मी काडला," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला कमी कसा देऊ?"

डॉक्टरांनी कागदावर जाड तळाची चप्पल लिहून दिली. पालघर ते बोईसर रंभाबाई सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

मृगाच्या चार दिवस आधी रंभाबाई बाजारात आली. एका हातात काठी, एक चप्पल जाड, तरी लंगडत. उकिडवं बसता येईना, म्हणून पालथ्या खोक्यावर बसली. मंगळी आणखी दोन किलो न्यायला आली होती. तिने रंभाबाईला चालत येताना पाहिलं होतं. वजनं आपणच सोडली, हे तिच्या डोक्यातून जाईना. ती मान खाली घालून त्या पायाकडेच बघत उभी राहिली.

रंभाबाईने तागडी उचलली. काटा मधोमध थांबला.

"पायाकडं काय बघते?" ती म्हणाली. "काट्याकडं बघ."