शुभाची चारशे पानं

शुभा इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात गाडीच्या दारांना रबर बसवते. आठ तास, उभ्याने. तिने बसवलेलं रबर पुन्हा काढावं लागत नाही. मी चाळीस वर्षं फिटर होतो. अशा हाताची किंमत मला कळते.

दोन वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला. तेव्हापासून इथल्या मराठी बायका तिला वाढदिवसाला बोलावतात, हळदीकुंकवाला नाही. भांडण काही नाही. नुसतं बोलावणं बंद.

या संक्रांतीला माझ्या सुनेने, ऊर्मिलाने, हळदीकुंकू आणि वाचनकट्टा एकाच रविवारी ठेवला. पुस्तक जुनं, इंग्रजी. गरीब मुलीला श्रीमंत माणूस फसवतो, लोक तिलाच नावं ठेवतात, शेवटी तिला फाशी होते. शुभा कट्ट्यात होतीच, म्हणून आली. काठाची साडी नेसून. आज तरी आपल्याला कुंकू लावतील, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पुस्तक पूर्ण वाचलेली ती एकटीच. चारशे पानं, चार महिने, जेवणाच्या सुट्टीत, मोबाईलवर शब्द शोधत. बाकीच्यांनी सिनेमा पाहिला होता. रडल्या मात्र सगळ्या.

“काय मेला तो समाज!” मालिनी नाक पुसत म्हणाली.

“गेनाऊ! अगदी बरोबर! तिचा काय दोष?” ऊर्मिलाने डोळे टिपले, करंडा उचलला आणि ओळीने कुंकू लावत निघाली. मालिनी. वल्लरी. मग शुभाला ओलांडून कुंदा.

शुभा फसकन हसली. “अगं ऊर्मिला, माझी फाशी कितीला आहे? साडेसहाची बस आहे मला.”

वल्लरीच्या तोंडातला तिळगूळ उडाला. मालिनी खुर्चीवरून घसरली. कुंदा “गप्प बसा गं” म्हणत स्वतःच उचक्या देऊ लागली.

ऊर्मिला लालबुंद. “चुकलं गं. सवयीने झालं.”

“त्या जजलाही सवयच होती,” शुभा म्हणाली आणि कपाळ पुढे केलं.

हसण्याने ऊर्मिलाचा हात इतका थरथरला की कुंकू नाकापर्यंत आलं.

“उखाणा!” वल्लरी ओरडली आणि लगेच तिने जीभ चावली.

“घेते की.” शुभा उठून उभी राहिली.

“चारशे पानं वाचली जेवणाच्या सुट्टीत,
शुभाचंच नाव घेते, कुंकू माझ्या मुठीत!”

असा गलका झाला की खालच्या बाईंनी छतावर काठी आपटली. रविवारी आवाज चालत नाही इथे. मग शुभाने तोच उखाणा कुजबुजत घेतला. तेव्हा तर मालिनी पुन्हा खाली.