पिशवीतला सातबारा

द्वारकाबाईंच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत तीन गोष्टी ठरलेल्या असत. पाण्याची बाटली, भाकरीत गुंडाळलेली चटणी आणि प्लास्टिकमध्ये पक्का बसवून घेतलेला एक सातबारा. दुसरी एखादी बाई पोथी जपते, तसा त्या हा कागद जपत. एकादशी असो की गोकुळाष्टमी, देवापुढं दिवा लावून झाला की त्या पिशवीत हात घालून कागद आहे ना, हे चाचपत आणि मगच उंबरा ओलांडत.

त्यांचा जन्म अठ्ठेचाळीसचा, पोलीस अ‍ॅक्शनच्या सालातला. सातवी झाली नि लग्न झालं. नवरा पुंजाराम मनाचा भला माणूस, एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला, म्हणून बिऱ्हाड शहरात आलं. गावाकडं, सिल्लोडच्या अलीकडं, सात एकर रान होतं. शहरात त्यांना मुनिरा भेटली, ती कोर्टाच्या पायऱ्यांवर. नवऱ्यानं टाकलेली, शहागंजात शिवणकाम करणारी, कडेवर लेकरू. वकील काय बोलतो ते तिला समजेना. द्वारकाबाईंनी तिचा कागद वाचून दाखवला, आणि त्या दिवसापासून दोघींची जोडी जमली, ती चाळीस वर्षं. मुनिराला मराठीत सही करायला द्वारकाबाईंनीच शिकवलं, पाटीवर हाताला हात धरून.

कायद्यानं लेकींना वाटा दिला, पण गावोगाव लोकांनी त्यावर तोड काढली. भाऊबीजेला बहिणीला बोलवायचं, ओवाळणीत भारी साडी घालायची, आणि दिवाळीचा फराळ जिरायच्या आत तिला तीच साडी नेसवून रजिस्ट्री कचेरीत उभी करायची. हक्कसोडीवर सही केली की बहीण मोकळी, भाऊ मोकळा. म्हणून दरसाल दिवाळी सरली की या दोघी सिल्लोडच्या कचेरीच्या पायरीवर जाऊन बसत. घडीच्या रेघा न मोडलेली साडी दिसली की उठत आणि त्या बाईला बाजूला घेऊन तीनच गोष्टी विचारत.

"वाचलं का? उमजलं का? मनानं करतीस का?"

पुष्कळ जणी तिसऱ्या प्रश्नाला रडत. काही माघारी फिरत. भाऊ दात-ओठ खात.

"आल्या बघा घरफोड्या!"

"घर एकट्या तुमचंच हाय का, दादा?" मुनिरा हसून म्हणे. "तिचं बी थोडं फुटू द्या की."

एकदा एका गावच्या बैठकीत आप्पासाहेब नावाच्या बड्या शेतकऱ्यानं सगळ्यांदेखत टोमणा मारला. "लोकाच्या लेकींना शिकवता बाई, तुमच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव हाय?" द्वारकाबाईंना ते लागलं. पुढं पुंजाराम गेले तेव्हा त्यांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तलाठ्याला गाठलं आणि वारस म्हणून तीन नावं लावून घेतली. स्वतःचं, गावाकडं रान कसणाऱ्या मुलाचं, बद्रीनाथचं, आणि लेक सरूचं. तोच हा कागद. मग प्रत्येक बैठकीत तो वर धरून त्या म्हणत, "हे बघा. आधी माझ्या घरात, मग तुमच्या." कुणी एक परदेशी बाई आल्या होत्या, त्यांनी तर त्याचा फोटोही काढून नेला. बायकांचा हा झगडा आमच्याकडंही सरला नाही, म्हणाल्या, तिकडं दाखवीन.

एका साली आठ मार्चला, महिला दिनी, द्वारकाबाईंचा सत्कार ठरला. स्मरणिकेत कागदाचं चित्र छापायचं होतं, पण जुना सातबारा पिवळा पडून अक्षरं पुसट झालेली. नवा काढावा म्हणून त्या कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात गेल्या. तिथल्या मुलीनं कागद हातात ठेवला.

"पोरी, एक नाव ऱ्हायलंय यात."

"राहिलं नाही आजी, कमी झालंय." मुलीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हक्कसोड झालेलं आहे. दोन वर्षं झाली. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी."

द्वारकाबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सिल्लोडला गेल्या. ज्या पायरीवर उमर गेली तीच पायरी चढून त्यांनी दस्ताची नक्कल मागितली. कारकुनानं नक्कल काढून दिली. मग म्हणाला, "बाई, तुम्हाला ठावं नव्हतं? आम्हाला वाटलं, घरचं वेगळं नि दारचं वेगळं असंल."

दस्तावर सरूची सही होती. घेणार, बद्रीनाथ. आणि खाली साक्षीदारांत, पाटीवर गिरवून घेतलेल्या जाड, गोल अक्षरांत, मुनिराची.

मुनिरा शिवणयंत्रावर बसली होती. द्वारकाबाईंनी नक्कल यंत्रावर, सुईखाली ठेवली. मुनिरानं चष्मा चढवला, बघितलं, आणि चाक हातानं थांबवलं.

"बैठ तो सही, द्वारका."

"बसायला नाय आले."

"त्या दिवशी तू दुसऱ्या गावच्या बैठकीला होतीस, पायरीवर मी एकलीच. सरू रडत आली होती. खाला, साक्षीला तूच पायजे म्हणली, दुसरं कुणी नको. मी तिन्ही सवाल केले, अल्लाकसम. वाचलं म्हणली, उमजलं म्हणली, मनानं म्हणली. मंग मी कोन तिला आडवणारी? बाईचं बाईनं ठरवावं, हे कुणी शिकवलं मला?"

"ते असू दे. मला का नाय सांगितलं?"

मुनिरा सुईतला दोरा काढू लागली.

"दोन वर्षं मी खोटा कागद वर धरत होते, मुनिरा. भर सभांमधी. शपथा घेत होते. आन् तू माझ्या शेजारी बसून मान हलवत होतीस."

"तुला सहन नसतं झालं."

"म्हणून मला खोटी पाडली?" द्वारकाबाईंनी नक्कल उचलली. "कायद्याला बगल देणारे भाऊ परवडले. ते तोंडावर तरी शिव्या देतात."

तिथून त्या खुलताबादला गेल्या, लेकीच्या घरी. भद्रा मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी होती. या वाटेनं गेल्यावर त्यांनी हात जोडले नाहीत असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्या दिवशी जोडले नाहीत.

सरूनं आईचा चेहरा बघितला आणि पाण्याचा तांब्या देता देताच ओळखलं.

"दादानं मागितलं नाय," ती म्हणाली. "मीच दिलं."

"का?"

"वहिनीच्या कपाळाला आठी पडायची मी दारात गेले की. नाव लागल्यापासनं. आता पाय धुवायला पाणी देती, पुरणाचं ताट वाढती. चार दिस पोटभर झोपते मी तिथं."

"म्हणजे माहेर इकत घेतलंस."

सरूचा आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट झालं. "मंग काय करू? तू कुठं दिलंस? मला न्हाण आलं तव्हा तू फुलंब्रीला बैठकीला होतीस. माझी वेणी कोण घालायचं ठावं हाय? दादा. वाकडी घालायचा, पोरी हसायच्या, तरी रोज घालायचा. दर दिवाळीला आमचं ताट झाकलेलं, आन् तू लोकाच्या बहिणींसाठी पायरीवर. मुनिरा खालाला सगळं ठावं हाय. म्हणून तिला बोलावलं."

"आन् फेरफाराची नोटीस? ती माझ्या नावानं निघाली असंल की."

"गावच्या घरी आलती. दादानं घेतली. मीच म्हणलं, आईला नको दाखवू."

द्वारकाबाईंनी पाणी तसंच खाली ठेवलं. पुढं आलेलं पाणी न पिता उठू नये म्हणतात. त्या उठल्या. जिच्यासाठी हे सगळं उभारलं तिनंच ते मागच्या दारानं सोडून दिलं, भावानं ते झेललं, आणि दिवा धरून उभी राहिली ती चाळीस वर्षांची मैत्रीण. परक्यानं केसानं गळा कापला असता तर ओरडता तरी आलं असतं.

सत्काराला त्या गेल्या नाहीत. ताप आहे, असा निरोप धाडला. आठ दिवस देवापुढं दिवा लागला, पण पिशवी खुंटीवरच राहिली. नवव्या दिवशी सिल्लोडजवळच्या एका वस्तीवर बैठक होती, महिन्याभरापूर्वी शब्द दिलेला. दिलेला शब्द मोडणं त्यांच्या देवाला चालत नव्हतं. त्यांनी चटणी-भाकर बांधली आणि पिशवीत नवा सातबारा घातला. जुना देवघराच्या फळीवर पालथा ठेवला.

स्टँडवर मुनिरा आधीच आली होती. एसटीत खिडकीशी दोघींचं बाकडं ठरलेलं. द्वारकाबाई खिडकीत बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली. मुनिरा क्षणभर दांडीला धरून उभी राहिली, मग मागं जाऊन बसली.

वस्तीवर पंधरावीस बाया जमल्या होत्या. द्वारकाबाईंनी कागद वर धरला नाही, नुसता पुढं दिला. एक शिकलेली सून, वस्तीवरच्या कडूबा पाटलाची, तो वरून खाली वाचू लागली.

"मावशी, ह्यात लेकीचं नाव कुठंय? तुम्ही तर म्हणता, लेकीचं नाव हाय."

मुनिरानं मान खाली घातली.

"होतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिनं सोडलं. मला न सांगता."

बायांत कुजबुज झाली. मागून एक म्हातारी म्हणाली, "घ्या! हिच्या घरातच न्हाय, आन् आपल्याला सांगायला आली."

"व्हय, माझ्या घरात नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "आजपासनं तेच दाखवणार हाय, लेकीचं नाव गुपचूप कसं जातं ते. भाऊबीजेला बोलावणं येईल तेव्हा ह्यो कागद आठवा."

सुनेनं कागद परत दिला. द्वारकाबाईंनी त्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला. परतीच्या एसटीतही पिशवी शेजारच्या जागेवरच होती.