आत्याच्या पिकअपचे सुटे भाग

माझी आत्या काचा वाहायची. खिडक्यांच्या, दुकानांच्या दर्शनी भागाच्या, कधी एखाद्या न्हाव्याकडचा भिंतभर आरसा. काच कापणाऱ्याच्या कारखान्यातून निघायचं आणि जिथे बसवायची तिथे ती अख्खी पोचवायची, एवढंच काम. पण त्यातला ‘अख्खी’ हा शब्द आत्या फार जपून उच्चारायची.

तिची गाडी म्हणजे आजोबांनी घेतलेली डिझेल पिकअप. मागच्या हौद्यात आजोबांनी लाकडाची एक तिरकी चौकट ठोकून घेतली होती, तळाला जाड नमदा, बाजूंना जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. त्या चौकटीत काच टेकली की आरामखुर्चीत बसल्यासारखी बसायची. नव्या गाड्यांचे हौदे आखूड, अशी चौकट मावत नाही. त्यांत मोठी काच आडवी झोपवावी लागते, आणि झोपलेली काच पहिल्याच खड्ड्यात दगावते. म्हणून मॉडेल बंद पडलं, कंपनीने भाग बनवणं सोडलं, तरी आत्या गाडीला सोडायला तयार नव्हती. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणायचे की ताई, हे म्हातारं इंजिन तुला एक दिवस भर रस्त्यात सोडून जाईल. आत्या म्हणायची, माणसंही सोडून जातात. इंजिन निदान आधी खोकतं तरी.

तिला लग्नाचं विचारणारे दोघं-तिघं येऊन गेले होते म्हणे. एकाला बायकोने गाडी चालवलेली नको होती, एक नुसताच गोड बोलायचा. पुढे आजोबा अंथरुणाला खिळले आणि त्यांचं करता करता आत्याची पन्नाशी उलटली. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, “माझे ब्रेक चांगले लागले, क्लच तेवढा जुळला नाही.” आणि आपणच हसायची.

गाडीचा डिझेल पंप गळायला लागला तेव्हा आमच्या फिटरने शहरातली सगळी दुकानं पालथी घातली. आतला एक लहानसा भाग हवा होता, पण तो कुणाकडे नव्हता, आणि काहींना तर गाडीचं नावही आठवेना. शेवटी त्याने हात टेकले आणि लांबच्या एका गावातल्या यार्डाचा नंबर दिला. जुन्या गाड्या घेऊन त्यांचे भाग सुटे करून विकणारे एक गृहस्थ तिथे होते. त्यांच्याकडे मिळालं तर मिळालं, नाहीतर नाद सोडा, असं फिटर म्हणाला.

आत्याकडे तेव्हा नुकताच मोबाईल आला होता. पलीकडच्या माणसाने कुठला भाग हवा ते विचारलंच नाही. आधी गाडीची प्रकृती विचारली आणि म्हणाला, इंजिन चालू करून फोन जरा बॉनेटपाशी धरा. आत्याने धरला. थोड्या वेळाने कानाला लावला तेव्हा तो म्हणत होता की पंपाचं बघू, पण तुमचं एक नोझलही थुंकतंय, त्याच्याकडे लक्ष ठेवा. मग म्हणाला, “भाग सहज मिळायचा नाही. थोडं थांबावं लागेल. शोधतो.”

आत्या थांबली. पार्सल आलं. भाग रॉकेलने धुऊन, तेलाचा हात लावून, स्वच्छ धुतलेल्या जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. फिटर म्हणाला, इतक्या मायेने तर कुणी बाळही गुंडाळत नाही. आत्या त्याच्यावर खेकसली, पण तो तुकडा तिने टाकला नाही.

तिथून ते सुरू झालं. कधी नोझल गेलं, कधी डाव्या दाराची काच वर-खाली करणारी यंत्रणा, कधी अख्खं दारच. ते आलं तेव्हा त्याचा रंग वेगळा निघाला, तर आत्याने तसंच बसवलं. दर वेळी आत्या फोन करायची, तो दर वेळी म्हणायचा, थोडं थांबावं लागेल, शोधतो. ती त्याला ‘पार्टवाले’ म्हणायची आणि तो तिला ‘काचवाल्या बाई’. फोन करण्याआधी आत्या हातातली सगळी कामं उरकायची, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायची आणि मगच नंबर लावायची. मी एकदा म्हटलं, आत्या, फोनवर हात दिसत नाहीत. ती म्हणाली, मला दिसतात ना.

बोलणं भागापासून सुरू व्हायचं आणि भलतीकडेच जायचं. यार्डातल्या मांजरीने कुठल्याशा ट्रकच्या इंजिनावर पिल्लं घातली, म्हणून तो ट्रक त्याने महिनाभर उघडला नव्हता. त्याची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मुलगा परदेशात होता, घरात तो आणि त्याची थोरली बहीण. हे सगळं आत्या आम्हाला तुकड्या-तुकड्याने सांगायची, जणू बातम्यांत ऐकलंय.

आजोबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने त्याला फोन लावला आणि हीटर प्लग हवाय म्हणाली. गाडीचे हीटर प्लग ठणठणीत होते, हे मलाही ठाऊक होतं. त्याने बहुधा तिच्या आवाजावरून ओळखलं असावं. आत्या मग फोन कानाला लावून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहिली, आणि पलीकडूनही कुणी फोन ठेवला नाही.

मग तिसरा गिअर बिघडला. गिअर अलगद जुळवणारी एक पितळी रिंग असते, ती झिजली होती. टाकताना करकर आवाज यायचा आणि गाडीला हिसका बसायचा. आत्या दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जाऊ लागली, पण चढाला ते जमेना. पार्टवाले म्हणाले, थांबावं लागेल. या वेळी फार थांबावं लागलं. एका चढावर गाडीने हिसका दिला आणि कापडाच्या दुकानाची मोठी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. इतक्या वर्षांत आत्याची काच फुटली नव्हती. ती गाडीतून उतरली, तड्यावरून एक बोट फिरवलं आणि दुकानदाराची माफी मागायला आत गेली. रिंग आली ती त्यानंतर.

पुढच्या वर्षी मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकं गेली. तो जड ऐवज, पार्सलवाले घेईनात. पार्टवाले म्हणाले, एखाद्या ट्रकबरोबर पाठवतो. आत्या म्हणाली, मीच येते. तो जरा गोंधळला, लांब आहे, कशाला त्रास घेता, असं बरंच म्हणाला. पण आत्याने काच कापणाऱ्याची व्हॅन मागून घेतली. एकटीने जाऊ नको म्हणून वडिलांनी मला बरोबर पाठवलं. मी तेव्हा नोकरीला लागले होते, एक रजा टाकली. आत्याने नवा शर्ट घातला होता आणि वाटेत दोनदा मला विचारलं की कॉलर नीट आहे ना.

आम्ही पोचलो तेव्हा ते काही कामाने लेथवाल्याकडे गेले होते. त्यांच्या बहिणीने दार उघडलं. गोल चेहऱ्याची, बोलकी बाई. आत्याला बघताक्षणी म्हणाली, काचवाल्या बाई ना, मला वाटलंच होतं. चहा ठेवता ठेवता सहज म्हणाली, “तुमची गाडी मागे उभी आहे. बघितलीत का?”

आत्याला वाटलं, बाईंचा काही घोटाळा होतोय. तरी आम्ही मागच्या दाराने यार्डात गेलो.

भिंतीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली एक पिकअप उभी होती. अगदी आत्याच्या गाडीसारखी, त्याच सालातली. चाकं काढून ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. तिला डावं दार नव्हतं. बॉनेट उघडं होतं आणि आत डिझेल पंपाच्या जागी नुसते पाइप लोंबत होते. गिअरबॉक्स खोलून बाजूला मांडला होता. जे जे तिथे नव्हतं ते ते आमच्या घरी होतं, आत्याच्या गाडीत. दाराच्या चौकटीवर उरलेला रंग बघून मलाही ते कळलं. आत्या गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आली आणि हौद्याच्या फळीला धरून उभी राहिली.

तेवढ्यात पार्टवाले आले. उंच, जरा वाकलेले, हातात चिंधी. आम्ही कुठे उभ्या आहोत ते बघून ते जागीच थांबले. इतकी वर्षं बोलून दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं ते असं.

“ही कधीपासून आहे?” आत्याने विचारलं.

“तुमचा पहिला फोन आला, त्यानंतर शोधून काढली. मालक विकत नव्हता. खेटे घालून मिळवली.”

“तिसऱ्या गिअरची रिंग यातलीच?”

“हो.”

“म्हणजे माझी काच फुटली, तेव्हा रिंग इथे होती.”

ते चिंधीने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते. मग म्हणाले, “होती. ते माझं चुकलं. गाडी एकदम दिली असती, तर तुम्हाला पुढे काही लागलं नसतं. मग तुम्ही फोन कशाला केला असता?”

आत्याने हौद्याची फळी सोडली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, चांगलं किंवा वाईट. ती म्हणाली, “दातेरी चाकं काढू या. उजेड आहे तोवर.”

दोघं गाडीखाली शिरले. मी आणि त्यांच्या बहिणीने चहा गाडीपाशीच नेऊन ठेवला, तो निवला. खालून फक्त हत्यारांचे आवाज येत होते. त्यांनी हात पुढे करायचा आणि आत्याने न विचारता हवा तो पाना द्यायचा. एक बोल्ट काही केल्या सुटेना. दोघांनी मिळून जोर लावला, बोल्ट एकदम सुटला, आणि आत्या मोठ्याने हसली. ते हसणं मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

बहीण राहायचा फार आग्रह करत होती. आत्या म्हणाली, उद्या सकाळीच डिलिव्हरी आहे. व्हॅनमध्ये सामान चढवून झालं, तरी पार्टवाले खिडकीच्या कडेवर हात ठेवून उभेच होते. आत्याने इंजिन चालू केलं.

“येते,” ती म्हणाली.

“या,” ते म्हणाले.

वाटेत मी विचारलं, राग आलाय का. ती म्हणाली, “आलाय. माझी काच फुटली होती. आणि माझ्यासाठी कुणी एवढं करतंय, हे मला इतक्या उशिरा कळलं, त्याचा तर जास्तच आलाय.”

त्यानंतर तिने फोन केला नाही. गाडी नव्यासारखी पळू लागली होती, कुठे खट्ट वाजत नव्हतं. सुरुवातीला रागाने केला नसेल. पण राग ओसरल्यावरही तिला कारण सापडेना. काही बिघडलंच नाही तर काय म्हणून फोन करू, असं म्हणायची. वडील म्हणाले, बोलायला म्हणून कर. आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी गाडी फुटपाथवरून न्यायला सांगितली. आणि पार्टवाल्यांनी तर आजवर कधी आपणहून फोन केला नव्हता. गिऱ्हाईकाने करायचा, त्यांनी उचलायचा, अशीच रीत पडली होती. वर्ष असंच गेलं. इंजिनाचा आवाज जरा बदलला की आत्या कान टवकारायची. आपली गाडी बिघडावी म्हणून वाट बघणारा ड्रायव्हर मी तेवढाच एक पाहिला.

एका दुपारी मी तिच्याकडे गेले असताना तिचा फोन वाजला. नंबर बघून ती उठून उभी राहिली.

“बोला,” म्हणाली. मग नुसतं ऐकत होती. मग “कधी?” मग “बरं.” मग थोड्या वेळाने पुन्हा “बरं.”

फोन ठेवून ती खाली बसली आणि मला एकेक सांगितलं. यार्डाची जागा नव्या रस्त्यात जात होती. मुलगा त्यांना आणि बहिणीला आपल्याकडे घेऊन चालला होता, परत यायचं काही ठरलं नव्हतं. आत्यासाठी काही सामान पाठवलं होतं, ते उद्या ट्रकने येईल.

“आणखी काय म्हणाले?”

“म्हणाले, आता तुम्हाला कुणापाशी काही मागावं लागणार नाही.”

“आणि तू नुसतं बरं म्हणालीस?”

“दुसरं काही सुचलंच नाही गं,” ती म्हणाली.

सामान आलं. लाकडी खोक्यांत ती उरलेली अख्खी पिकअप होती, सुटी केलेली. वायपर, आरसे, बल्ब बसवायच्या वाट्या, डॅशबोर्डवरची बटणंसुद्धा. सगळं धुतलेलं, पुसलेलं, कापडात गुंडाळलेलं. आत्याने आजोबांच्या खोलीत फळ्या ठोकून घेतल्या आणि एकेक वस्तू मांडली. रडली वगैरे नाही. शेवटचं खोकं रिकामं झाल्यावर तिने खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. मला दिसलं ते. तळाला लाकडाचा भुसा होता, दुसरं काही नव्हतं.

त्यांचा नंबर तिने पुढे दोन-तीनदा लावून पाहिला. तो बंद झाला होता.

आत्या अजून काचा वाहते. जड काचा आता कारखान्यातले लोक चढवतात, चालवते तीच. गेल्या थंडीत पाण्याचा पंप गळायला लागला. फिटर खूश झाला, म्हणाला, आता शोधायला कुठे जायचंय, भाग घरातच आहे, तासाभरात गाडी देतो. मी आणि आत्या पंप घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने हात पुढे केला तरी आत्याने पंप दिला नाही.

“आज नको,” ती म्हणाली. “चार दिवसांनी बसव.”

फिटर म्हणाला, अहो, पण तुमचं काम खोळंबेल.

“खोळंबू दे. थोडं थांबू.”

गाडी तिथेच सोडून आम्ही चालत घरी निघालो. पंप तिने छातीशी धरला होता. रस्त्यावर दुकानं बंद होत होती, कुणीतरी पायरी धूत होतं. कोपऱ्यावर आत्या मला म्हणाली, “तिथे आत्ता दिवस असेल की रात्र?”

मी म्हटलं, कुठल्या देशात गेलेत तेच आपल्याला माहीत नाही, तर कसं सांगू.

“खरंच की,” ती म्हणाली. “तेवढं विचारायला हवं होतं.”