पीक नाही त राखण कायची?

भाद्रपदात मामाजी एकोडीच्या शेतात बांधावरून, आमच्याकडच्या भाषेत धुऱ्यावरून, घसरले आणि त्यांचा उजवा घोटा मोडला. मामाजी म्हणजे माझे सासरे. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि घरी पाठवलं. धान पोटरीत आलेलं, लोंबी बाहेर पडायच्या तोंडावर, आणि नेमक्या त्याच दिवसांत रानडुकरं बांध्यांत, धानाच्या खाचरांत, शिरतात. ग्रामसेवकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मामाजी राखणीला स्वतः जात. आता ते काम शेजारच्या शेतकऱ्यावर सोपवून ते लाखनीच्या घरी, समोरच्या खोलीतल्या दिवाणावर पडून रस्त्यावरचे ट्रक पाहत होते.

अडचण अशी, की त्याच खोलीत माझं टेबल होतं. सकाळी आणि संध्याकाळी मी बारावीच्या मुलांना गणित शिकवते. दुपार माझी असते, आणि दुपारी मी कॉम्प्युटरवर गेम खेळते. ही सवय नागपूरच्या होस्टेलातली. लग्न होऊन पवनीहून इथं आले त्याला दीड वर्ष झालं होतं, पण ही गोष्ट नवऱ्याशिवाय घरात कुणाला माहीत नव्हती. सुनेनं भर दुपारी बंदूक चालवत बसावं, हे कसं सांगायचं तेच मला उमजलं नव्हतं.

तीन दिवस मी कॉम्प्युटर उघडला नाही. चौथ्या दिवशी मामाजींचा डोळा लागलेला पाहून कानाला हेडफोन लावला आणि बसले.

गेम फार मोठा नव्हता. तीन माणसांनी मिळून थोडक्या पैशांत बनवलेला. जग संपलंय, सगळीकडे वाळू आणि वाळकी झाडं, मधोमध एक गंजलेलं लोखंडी ठाणं. त्याच्याभोवती भिंती बांधायच्या, तोफा लावायच्या, सैनिक उभे करायचे, आणि लाटांमागून लाटांनी येणाऱ्या विद्रूप जनावरांपासून ते ठाणं वाचवायचं. बंदुकीचा आवाज पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा. वीस लाटा परतवल्या की जिंकलो. मी अकरावीच्या पुढे कधी गेले नव्हते.

नवव्या लाटेला पाठीमागे काठी आपटल्याचा आवाज हेडफोनातूनही ऐकू आला. मी दचकून वळले. मामाजी उठून बसले होते, हातात काठी.

"बेटा, केव्हाचा आवाज देऊन राहिलो! मागून येऊन राहिले ना ते!"

मी स्क्रीनकडे पाहिलं. खरंच, मागची भिंत फोडून चार जनावरं आत शिरली होती. ठाणं गेलं. माझा चेहरा लाजेनं तापला. मी कॉम्प्युटर बंद करायला लागले तसे ते म्हणाले, "बंद काहून करतं? पुन्हा लाव. कोनतं जनावर होय ते?"

त्या दिवसापासून आमच्या दुपारी बदलल्या. मी खेळायची, मामाजी सांगायचे. सुरुवातीला अदबीनं, "माह्या मतानं" असं म्हणत, आठवड्याभरानं "अवो, तिकडे नोको ना जाऊ!" असं ओरडत. सासूबाई आतून म्हणायच्या, "पायाले आराम सांगितला ना डॉक्टरनं, तोंडालेई थोडासा द्या."

एके दिवशी गेम अडकला आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला, तेवढ्या वेळात मी त्यांना गेमच्या पानावरची खेळणाऱ्यांची मतं वाचून दाखवली. वर किंवा खाली अंगठा, किती तास खेळला तो आकडा, आणि खाली मनातलं. इंग्रजीतून मराठी करत मी वाचू लागले, आणि मामाजींना खेळापेक्षा यातच जास्त रस आला. आयुष्यभर ग्रामसभेत लोकांची गाऱ्हाणी लिहून घेतलेला माणूस तो.

एकानं लिहिलं होतं, झाड एकच बनवलं आणि तेच सगळीकडे लावलं. मामाजी म्हणाले, "सागवानाच्या प्लॉटात गेला नसन तो कधी." दुसऱ्यानं तक्रार केली होती, सगळ्या सैनिकांना एकच चेहरा. "सख्खे भाऊ असतीन." तिसरा चारशे तास खेळला होता आणि लिहीत होता, अत्यंत रटाळ गेम, कुणी घेऊ नका. यावर मामाजी इतके हसले की प्लास्टरचा पाय उशीवरून घसरला.

"हा त आपल्या गावचाच दिसते. रोज दोन टाइम जेवते अन् रोज भाजीले नाव ठेवते!"

मग एक मत आलं, एका परिचारिकेचं. दवाखान्यातली ड्यूटी संपली की परगावी राहणाऱ्या भावासोबत ती अर्धा तास हा गेम खेळायची. दोघं मिळून भिंत बांधतात आणि गप्पा मारतात, बाकी आम्हाला काही नको, असं तिनं लिहिलं होतं. मामाजी हसले नाहीत. म्हणाले, "हे पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

आमची गाडी मात्र अकराव्या लाटेतच अडली होती. चारी बाजूंनी भिंत कितीही जाड केली, तरी जनावरं कुठून तरी ती कुरतडायचीच. शेवटी मामाजी म्हणाले, "भिंतीले एक खिंडार ठेव."

"मामाजी, मग तर सरळ आत येतील."

"येऊ दे ना. सगळं बंद केलं त डुक्कर कोठूनई घुसते. एक वाट मोकळी दिसली त तेथूनच येते. मी धुऱ्यावर मुद्दाम एक वाट ठेवतो अन् तिथंच डबे वाजवत बसतो. तूई तेथंच तोफा लाव."

मला पटलं नव्हतं, पण ऐकलं. समोरच्या भिंतीत एक फट ठेवली आणि सगळ्या तोफा तिच्याकडे वळवल्या. बारावी लाट आली. जनावरं भिंतीपाशी क्षणभर घुटमळली आणि मग रेशनच्या रांगेसारखी एकामागे एक त्या फटीतून येऊ लागली. पंधरावी गेली. अठरावी गेली. विसाव्या लाटेचं शेवटचं जनावर पडलं तेव्हा मी खुर्चीवरून उडीच मारली आणि मामाजींनी "जमलं वो बेटा, जमलं!" म्हणून अशी आरोळी ठोकली की सासूबाई पिठाच्या हातानं धावत आल्या.

"काय झालं? पडले का?"

"पडले ना! सगळेच पडले!" मामाजी म्हणाले.

सासूबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, कपाळावर पिठाचा हात मारला आणि तशाच पांढऱ्या कपाळानं हसत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी फर्मान काढलं, आपलंही मत लिहायचं. मी इंग्रजीत लिहिते, असं मी म्हणाले, तर मामाजी म्हणाले, "मी सांगतो तसंच लिव. खालती तुह्या इंग्रजीत लिव." अंगठा वर की खाली, यावर चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "तीनच जनं होत बिचारे. वर कर. पन खालती खरं लिव."

त्यांनी सांगितलं ते असं: "खेळ चांगला आहे. जनावराची चाल बरोबर पकडली. पन दोन गोष्टी कमी आहेत. एक, राखणीले कुत्रा नाही. कुत्र्याबिगर राखण होत नाही. दुसरं, हे लोक लढून राहिले कायच्यासाठी? आत नुसतं लोखंड आहे. कोनी काही पेरलं नाही, कोनाचं काही पिकून नाही राहिलं. पीक नाही त राखण कायची?"

शेवटचं वाक्य इंग्रजीत आणायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आठवड्याभरात त्या मताखाली माणसं जमली. ज्यानं झाडांची तक्रार केली होती, त्यानंच लिहिलं की या काकांचं म्हणणं बरोबर आहे. पुण्यात राहणाऱ्या तुमसरच्या एका मुलीनं मराठीत लिहिलं, "काका, कुत्रा पाहिजेच! लय दिवसानं आपली बोली वाचली." मामाजींनी ते मला तीनदा वाचायला लावलं. आणि मग खुद्द गेम बनवणाऱ्यांचं उत्तर आलं: आमच्यात कुणालाच कुत्र्याचं चालणं नीट जमत नाही, दोनदा करून पाहिलं, तो खुर्चीसारखा चालतो. पण पिकाचं काहीतरी करू.

"पाह्य," मामाजी हळवे होऊन म्हणाले, "नाही जमत त नाही जमत म्हनते. असं कोनी सांगते का आजकाल?"

प्लास्टर निघालं त्याच्या दोन दिवस आधी गेममध्ये नवी भर आली. मी उघडून पाहिलं आणि मामाजींना हाक मारली. ते काठी टेकत टेबलापाशी आले. लोखंडी ठाण्याच्या आत, वाळूच्या मधोमध, हिरवा चौकोन होता. ओळीत लावलेलं, वाऱ्यावर डोलणारं पीक. दहा लाटांनंतर ते पिवळं व्हायचं.

मामाजी नाक स्क्रीनला लागेल इतके वाकले. बराच वेळ पाहिलं.

"धान नोहे. गहू होय," म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "काही हरकत नाही. त्याइच्या इकडे तेच पिकत असन."

मतांच्या पानावर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, पीक शोभेचं आहे, त्यानं तोफांची जागा अडवली. दुसरे म्हणत, आता कुठे हरल्यावर वाईट वाटतं. मामाजी हे सगळं नातेवाइकांची भांडणं ऐकावीत तसे रंगून ऐकत.

शनिवारी नवरा गोंदियाहून आला. तिथं तो नोकरीला असतो. बापानं आणि बायकोनं मिळून टेबल दिवाणाला चिकटवलेलं पाहून तो दारातच थांबला. मग म्हणाला, "सरका, मी खेळतो." आम्ही दोघं त्याच्या दोन खांद्यांमागे उभे राहिलो आणि दोन्ही कानांत एकदमच सांगू लागलो. चौथ्या लाटेला गहू गेला, ठाणं गेलं, तो हात वर करून हसत बसला.

"ऊठ रे," मामाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुह्यानं नाही होत. बेटा, तू बस."