दाजींची काजळी

मेणबत्तीकडे माणसं एकतर भक्तीने पाहतात, नाहीतर लोडशेडिंग आहे म्हणून. कच्चा माल म्हणून पाहणारा अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दोन हजार आठच्या सुमाराला दाजी कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते आणि पन्नाशी उलटल्यावर पीएचडीच्या मागे लागले होते. दर रविवारी विहारात वंदना संपली, की ते मेणबत्तीवर स्टीलची ताटली धरून उभे. "काजळ कुणासाठी हो सर?" बायका हसायच्या. दाजी गंभीरपणे सांगायचे, "जंतूंसाठी." ती काजळी ॲसिडमध्ये तासन्‌तास उकळली, की तिचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण होत. ते जंतूंना चिकटत आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकत. दिवा उल्हासनगरच्या बाजारातला, खोट्या नोटा ओळखायचा. अंधार हवा म्हणून दाजी भर दुपारी पाहुण्याला गोधडीत घेत. दाजींची मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा आधी गोधडीत जाऊन पिंपातलं पाणी बघून आली आहेत.

पण खरा मान होता या काजळीच्या पाण्याच्या एका बाटलीला. तिच्यातल्या थेंबांनी बशीतले जंतू चक्क मरत. प्रबंध विद्यापीठात दाखल झाला, पेढेही वाटून झाले.

त्याच आठवड्यात माझी सहा वर्षांची पोर टायफॉइडने विठ्ठलवाडीच्या दवाखान्यात पडली. ताप उतरेना. मी सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलं आणि अंबरनाथ गाठलं.

"दाजी, दोन थेंब द्या."

"वेडे झालात का? हे औषध नाही. डॉक्टर देतील तेच द्यायचं!" ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले.

चार दिवसांनी ते दवाखान्यात आले, तोवर पोरीचा ताप उतरला होता. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही गेलात आणि मला चैन पडेना. हे पोरीच्या पोटात गेलं असतं तर? म्हणून सगळं पहिल्यापासून तपासलं. काजळीत ॲसिड उरलं होतं. ते काढून टाकलं, तर जंतू मजेत. मारत होतं ते ॲसिड, माझी काजळी नुसती चमकते." प्रबंध त्यांनी स्वतःच मागे घेतला होता.

"मी मागायला आलोच नसतो तर..."

"तर आज पीएचडी असती," दाजी म्हणाले, "खोटी."

दाजी निवृत्त झाले ते नुसते सर म्हणूनच. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण घरात कुणाला काही खरं विचारायचं असलं, की फोन त्यांनाच जातो.